सासऱ्यांसाठी गार चहा

...आणि वर मला म्हणते कशी, ‘‘चहाच तर करायचाय!’’

चहाच तर! अहो, साधा चहा असता तर गोष्ट वेगळी... साधाही मला येत नाही ते सोडा, पण हा गार चहा! आइस टी! म्हणजे आधी गॅसवर ठेवून चांगला खळखळ उकळायचा, आणि उकळला रे उकळला की त्याला गार करायच्या मागे लागायचं. मग उकळला कशाला? नाही, मी आपला विचारतोय. बायकोला विचारायची सोय नव्हती. पाचवा महिना तिचा, आणि त्यातून त्या दिवशी तिचे वडील यायचे होते. हसू नका. तुम्हाला सांगतो, मी भित्रा माणूस नाही. कंटेनर यार्डात नोकरी करतो मी, डोक्यावरून वीस-वीस टनांचे डबे लोंबकळत जातात आणि मी खाली उभा राहून माझा डबा खातो. पण ‘अप्पा येतायत’ एवढं कानावर पडलं आणि माझे दोन्ही गुडघे असे एकमेकांना विचारायला लागले, की तू थांबतोस का मी जाऊ?

आता अप्पा कोण, ते सांगायला पाहिजे. अप्पा म्हणजे आमचे सासरे, उदयसिंह काटकर, राहणार सातारा, निवृत्त फौजदार. मी परेश नाखवा, उरणकडचा, खाडीकाठचा कोळी. त्यांची लेक आभा आमच्या यार्डाच्या ऑफिसात लागली, तिथे जमलं, आणि घरी कुणी ऐकेना म्हणून पनवेलला जाऊन रजिस्टर लग्न केलं. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः अप्पांना फोन केला. केला म्हणजे काय, आभानं नंबर लावून माझ्या कानाला धरला. मी म्हटलं, ‘‘नमस्कार, मी परेश...’’ पलीकडून एक वाक्य आलं. एकच. ‘‘माझ्या हद्दीत दिसू नका.’’ आणि फोन ठेवला. तीन वर्षं! तीन वर्षं मी सातारा जिल्ह्यात पाऊल टाकलं नाही. यार्डातल्या लोकांची महाबळेश्वरची ट्रिप गेली, मी गेलो नाही. म्हटलं, हद्द कुठे सुरू होते काय माहीत!

आणि दोन हजार अकराच्या मे महिन्यात एके दिवशी सासूबाईंचा, म्हणजे शोभाताईंचा, फोन. ‘‘आभा, तुझे अप्पा यायचं म्हणतायत तिकडे. नातवंडाचं कळल्यापासून गप्प गप्प होते. काल आपणहून म्हणाले, जाऊन येतो. आणि हे बघ, दोन दाढा काढल्यात त्यांच्या, गरम काही द्यायचं नाही. तू कॉलेजात असताना तो लिंबाचा गार चहा करायचीस ना? तोच कर. फार आवडतो त्यांना.’’

झालं! रविवारी दुपारी सातारा-बोरिवली गाडी पनवेल स्टँडला तीन वाजता येणार. आभा म्हणाली, ‘‘मी रिक्षानं जाते आणि त्यांना घेऊन येते. तू तेवढा चहा कर.’’ मी म्हटलं, ‘‘मी स्टँडवर जातो, तू चहा कर.’’ ती म्हणाली, ‘‘तू दिसलास आणि ते त्याच गाडीत परत चढले तर?’’ मग तिनं मला समजावलं... चार कप पाणी, चार चमचे पावडर, साखर, उकळायचं, गाळायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग फ्रिजमधल्या काचेच्या जगमध्ये ओतायचं, लिंबू, पुदिना, बर्फ. मी म्हटलं, ‘‘पुन्हा सांग.’’ तिनं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, ‘‘लिहून दे.’’ तेव्हा ती दारातून म्हणाली, ‘‘अरे, चहाच तर करायचाय!’’ आणि गेली.

घरात राहिलो मी आणि माझी आई. आईचं नाव गोदूबाई. चाळीस वर्षं मासळी विकलेली बाई, पनवेलजवळ सुकापूरला या तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवल्यापासून कावलेली. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली. ‘‘काय करतस रं?’’

‘‘चहा करतोय. गार.’’

‘‘गार? च्या गार जाला तं आमी वतून देतो.’’

‘‘आये, त्यांना लागतो तसा.’’

‘‘मंग सकालचा हाय ना पातेल्यात. त्योच दे.’’

तुम्हाला सांगतो, ऐकलं असतं ना तिचं, तर पुढचं काहीच झालं नसतं!

पण मी ठेवलं पाणी. पावडर टाकली. उकळी आली, आणि तो काळा-तांबडा चहा वर वर यायला लागला, आणि मला त्या फेसात अप्पांच्या मिशा दिसायला लागल्या. खरं सांगतो! मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, तेही फोटोत... वर्दी, टोपी, आणि या अशा मिशा. मी गॅस बंद केला. घाम पुसला. आता पूर्ण गार होऊ द्यायचा, म्हणजे निदान तासभर. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. म्हटलं, आहे वेळ. आणि तेवढ्यात फोन!

आभा. ‘‘परेश, गाडी लवकर आली! अप्पा भेटले! रिक्षात बसतोय, दहा मिनिटांत पोचतो! चहा झाला?’’

झाला का म्हणजे... आता काय सांगू? मागून घसा खाकरल्याचा आवाज आला हो फोनमध्ये! त्यांचाच! मी म्हटलं, ‘‘झाला झाला, एकदम गार!’’ आणि फोन ठेवून मी काय केलं असेल? फ्रिज उघडला, तो जग काढला. सकाळपासून फ्रिजमध्ये ठेवलेला, बाहेरून घाम फुटलेला, गारेगार. म्हटलं, जग गार आहे, चहा गरम आहे, दोघं मिळून मधलं काहीतरी होईल. मी गाळणं धरलं आणि तो वाफाळता चहा जगमध्ये ओतला.

टच्च!

आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं वाटलं असतं. हा आपला बारीक, कुणीतरी दाताखाली खडा चावल्यासारखा... टच्च! आणि जगला वरपासून खालपर्यंत एक रेघ गेली, ती रेघ दुसऱ्या रेघेला जाऊन भेटली, आणि माझ्या डोळ्यांसमोर तोंडाकडचा भाग अलगद उघडला आणि चहा ओट्यावर! मी काय करणार? तो जग तसाच, हाताला चटके बसत असताना, उचलून पातेल्यावर वाकडा केला. निम्मा चहा वाचवला. वाचवला म्हणजे... माझी बुद्धी बघा! तो पुन्हा गाळावा, एवढंसुद्धा मला सुचलं नाही. का? तर दहा मिनिटांत फौजदार येतायत!

आई आली धावत. ‘‘काय फोरलास?’’

‘‘काही नाही.’’

‘‘बाजूला व्हय. हात कापशील. जा, सदरा घाल जा, बनियनवर हायस.’’

तिनं फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागली. मी जगचे तुकडे वर्तमानपत्रावर ठेवले, कोपऱ्यात सरकवले, बर्फाचे दोन ट्रे पातेल्यात उलटे केले, लिंबं पिळली, पुदिना टाकला, शर्ट घातला... बटणं एकाला सोडून एक लागली... आणि बेल वाजली.

दार उघडलं. समोर आभा, आणि आभाच्या मागे ते. फोटोपेक्षा उंच. मिशा पांढऱ्या झालेल्या, पण आकार तोच. हातात एक स्टीलचा डबा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. शर्टाच्या बटणांकडे बघितलं. म्हणाले, ‘‘नाखवा?’’

मी म्हटलं, ‘‘हो... मीच तो.’’

मीच तो! असं कुणी सासऱ्याला म्हणतं? ते म्हणाले, ‘‘हं.’’ आणि आत येऊन खुर्चीत बसले. ताठ. पाठ न टेकता.

आईनं हात जोडले, त्यांनीही जोडले. आई म्हणाली, ‘‘बसा तुमी. आमचे घरी पयल्यांदा आलाव, मी मावरं आनते.’’ आणि पिशवी घेऊन निघाली मच्छी मार्केटला. मासे ती दुसऱ्या कुणाला आणू देत नाही, आणि मोबाइल ती जवळ ठेवत नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगून ठेवतोय, कारण ती पाच मिनिटं थांबली असती तर...

असो. मी आत जाऊन तीन ग्लास भरले. काचेचेच. चहा काय दिसत होता म्हणता! तांबूस, वर पुदिन्याचं पान, आत बर्फाचे तुकडे चकाकतायत. मला वाटलं, जमलं आपल्याला. ट्रे बाहेर नेला, अप्पांसमोर ठेवला. आभा माझ्याकडे बघून हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरचं माणूस तिच्या घरात बसलं होतं, तिचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, ‘‘घ्या, मी चिवडा आणतो.’’

आत आलो. चिवडा काढताना पाय लागला वर्तमानपत्राला. म्हटलं, आभा अनवाणी फिरते, गुंडाळून ठेवू. म्हणून खाली बसलो, आणि सहज, अगदी सहज हो, ते तुकडे एकमेकांना लावून बघितले. हा इथे बसला, तो तिथे बसला, मूठ आली, बूड आलं, तोंडाची गोलाई आली... आणि चोचीजवळ, जिथून ओततात ना, तिथे एक जागा रिकामी.

अंगठ्याच्या नखाएवढी. पातळ. टोकदार.

मी ओटा बघितला. स्वच्छ. जमीन बघितली. स्वच्छ. सिंकमध्ये बघितलं, पातेल्यात हात घालून बघितलं. पातेलं रिकामं. म्हणजे तो तुकडा... तीन ग्लासांपैकी एकात! पाण्यासारखी काच, आणि वर बर्फ! सांगा, बर्फ कुठला आणि काच कुठली, कुणाला कळणार आहे? मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. तो कंटेनर अंगावर आला असता तरी चाललं असतं! एका ग्लासासमोर माझी पोटुशी बायको, आणि दुसऱ्यासमोर तीन वर्षांनी घरात आलेला फौजदार! आणि चहाच तर करायचाय!

बाहेर धावलो. आभानं ग्लास उचललेला, ओठांपर्यंत. मी ओरडलो, ‘‘थांब!’’

दोघंही दचकले. अप्पा म्हणाले, ‘‘काय झालं?’’

आता बघा, इथे सरळ सांगता आलं असतं, की ग्लासात काच असेल, पिऊ नका. पण त्या डोळ्यांकडे बघून मला बोलता येईना हो! पहिल्याच दिवशी ‘तुमच्या चहात काच आहे’ असं म्हणायचं? आधीच मुलगी पळवल्याची नोंद आहे माझ्या नावावर, त्यात हे? मी म्हटलं, ‘‘पाचव्या महिन्यात... चहा चालत नाही.’’

आभा म्हणाली, ‘‘रोज सकाळी तर घेते मी.’’

मी म्हटलं, ‘‘गार चालत नाही,’’ आणि तिच्या हातातला ग्लास घेतला. अप्पा बघतायत. म्हणाले, ‘‘मग काय करणार त्याचं?’’ चौकशीचा आवाज होता तो! मला सुटका दिसेना, मी म्हटलं, ‘‘मी घेतो की,’’ आणि... पिऊन टाकला. एका दमात. बर्फासकट. सिंकमध्ये ओतता आला असता! कुंडीत ओतता आला असता! पण तेव्हा नाही सुचलं, काय करू?

आणि ग्लास खाली ठेवतोय तो काय, अप्पांनी त्यांचा ग्लास उचलला.

‘‘डास!’’ मी ओरडलो.

‘‘कुठाय?’’

‘‘तुमच्या ग्लासात. डास पडलाय.’’

त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला. असा फिरवला. तसा फिरवला. अठ्ठावीस वर्षं पुरावे तपासलेला माणूस तो. म्हणाले, ‘‘डास नाही.’’ मी म्हटलं, ‘‘आहे, बारीक आहे,’’ आणि त्यांच्या हातातून तो ग्लास ओढला. सासऱ्याच्या हातातून! ते म्हणाले, ‘‘दाखवा.’’ आता काय दाखवू? मी घाबरून तोही पिऊन टाकला.

अप्पा अगदी सावकाश म्हणाले, ‘‘म्हणजे, माझ्या ग्लासात डास होता. आणि तो तुम्ही प्यायलात.’’

‘‘हो.’’

त्यांनी तिसऱ्या ग्लासाकडे बघितलं. मी पण बघितलं. त्यांनी हात पुढे केला, आणि देवाशप्पथ, मी त्यांच्याआधी तो उचलला आणि निम्मा घशात ओतला, आणि तेव्हा... काहीतरी गेलं. घशातून. टोकदार, गार, खरवडत खाली गेलं. बर्फ? का काच? मला दरदरून घाम फुटला.

‘‘नाखवा,’’ अप्पा म्हणाले. ‘‘बसा.’’

मी जमिनीवर बसलो. खुर्ची होती, तरी जमिनीवर.

‘‘बोला.’’

आणि मी बोललो. गार जग, गरम चहा, टच्च, पातेलं, वर्तमानपत्र, नखाएवढा तुकडा, तीन ग्लास... श्वास न घेता सगळं. हद्दीचंही सांगितलं, महाबळेश्वरची ट्रिपही सांगितली. काय संबंध त्याचा? पण तोंड उघडलं की बंदच होईना! आभा पांढरीफटक. ‘‘अरे, ओतून द्यायचा ना! कुणी पितं का असं?’’ आणि रडायला लागली. तिला रडताना बघून मलाही रडू यायला लागलं, पण मी आवरलं, म्हटलं हुंदका दिला आणि आतली काच हलली तर?

अप्पा उठले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी माझ्या चपला आणून माझ्या पायांसमोर ठेवल्या. म्हणाले, ‘‘हलायचं नाही, वाकायचं नाही, खोकायचं नाही. आभा, रिक्षा बघ.’’

तीन मजले, लिफ्ट नाही. मी एक-एक पायरी अशी उतरत होतो, जशी काही डोक्यावर भरलेली घागर आहे. खाली शेजारच्या शकूताई उभ्या. त्यांनी आभाकडे बघितलं आणि घाबरल्या, ‘‘अगं बाई, इतक्यात?’’ रिक्षावाला पण आभाचं पोट बघून म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही आडव्या व्हा, डिलिव्हरी केस आपण फास्ट नेतो.’’ अप्पा म्हणाले, ‘‘ती नाही. पेशंट हा आहे.’’ रिक्षावाल्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे बघितलं, आणि काही न विचारता रिक्षा चालू केली.

सुकापूर ते नवीन पनवेल, रस्ता तुम्हाला माहीत आहे. तो खड्डा आला की मी डोळे मिटायचो. म्हणायचो, गेली, आता आतड्यात गेली. अप्पा वर्दीतल्या आवाजात ओरडायचे, ‘‘सावकाश!’’ आणि रिक्षावाला इतका सावकाश न्यायला लागला की मागून सायकलवाले घंटी मारून पुढे जायला लागले. आणि माझ्या लक्षात आलं, अप्पांनी माझा दंड धरलाय. अटक केल्यासारखा नाही हो... पडू नये म्हणून धरतात ना, तसा.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणजे अगदी पोरगेलासा. ‘‘काच? केवढी?’’ मी नख दाखवलं. ‘‘रंगीत की पारदर्शक?’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, रंगानं काय फरक पडतो?’’ म्हणाला, ‘‘नाही, असंच विचारलं.’’ मग एक्स-रेची चिठ्ठी. बाहेर बाकावर बसा, नंबर येईल. शेजारी पायाला प्लॅस्टर घातलेले एक गृहस्थ, काशिराम नाव त्यांचं, त्यांनी आपणहून सांगितलं. आपणहूनच म्हणाले, ‘‘काच गिळली का? आमच्या गावात एकानं पैजेवर बल्ब खाल्ला होता.’’

मी म्हटलं, ‘‘मग? काय झालं त्याचं?’’

‘‘काय माहीत. आम्ही त्याच आठवड्यात गाव सोडलं.’’

सांगा! अर्धवट गोष्ट सांगायचीच कशाला? मी तसाच, हात पोटावर, श्वास वरच्यावर. आभा आत पैसे भरायला गेलेली. बाकावर मी आणि अप्पा. मग मीच म्हटलं, ‘‘अप्पा, माझं काही बरंवाईट झालं तर आभाला साताऱ्याला न्या. तिची चूक नव्हती. मीच मागे लागलो होतो.’’

ते समोर भिंतीकडे बघत होते. म्हणाले, ‘‘अठ्ठावीस वर्षं लोकांना बोलतं केलं मी. खरं बाहेर यायला चार-चार दिवस लागायचे. तुम्ही दीड मिनिटात सांगितलंत.’’

मी म्हटलं, ‘‘घाबरलो होतो.’’

‘‘मीही.’’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. फौजदार, आणि घाबरले? ते म्हणाले, ‘‘सकाळपासून घाबरलोय. तीन वर्षं पोरीचं तोंड बघितलं नाही, आता कुठल्या तोंडानं दारात उभा राहू? लोणावळ्याला गाडी थांबली, तिथे मी पिशवी घेऊन उतरलोच होतो. समोर साताऱ्याची गाडी उभी. तिच्या पायरीवर पाय ठेवला, आणि आठवलं, शोभानं लाडवांचा डबा दिलाय तो सीटवरच राहिला. तो घ्यायला परत चढलो... आणि गाडी सुटली.’’

म्हणजे, ऐका, लाडवांचा डबा आठवला म्हणून आमचे सासरे आमच्या घरी आले! मला हसू यायला लागलं. ते म्हणाले, ‘‘हसू नका, काच हलेल.’’ आणि त्यांचीच मिशी थरथरायला लागली. मग एकदम गंभीर झाले. माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा घामानं ओला होता, माझ्यापेक्षा जास्त. म्हणाले, ‘‘माझा ग्लास तुम्ही प्यायलात. वेड्यासारखा प्यायलात, पण प्यायलात.’’ एवढंच.

एक्स-रे झाला. डॉक्टरनं फिल्म उजेडाला लावली. ‘‘काही दिसत नाही.’’ मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच म्हणाला, ‘‘पण फारच पातळ तुकडा असेल तर दिसत नाही म्हणजे नाहीच, असं सांगता येत नाही. दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. दुखलं तर लगेच या.’’

‘‘कुठे दुखलं तर?’’

‘‘कुठेही.’’

कुठेही! अहो, त्या क्षणापासून मला सगळीकडे दुखायला लागलं. पोटात, पाठीत, कानाच्या पाळीत. लक्ष ठेवा म्हणजे कुठे ठेवायचं, हे त्यानं मला हळू आवाजात सांगितलं, ते मी इथे सांगत नाही. मी बाकावर बसून मनातल्या मनात आवराआवर करत होतो... आईला मोठ्या भावाकडे ठेवायचं, बाळाचं नाव आभानं ठेवावं, आणि यार्डात श्रद्धांजलीला कुणी बोललंच तर कृपा करून चहाचा उल्लेख नको.

तेवढ्यात दारातून मासळीचा वास आला, आणि वासामागून आई! शकूताईंनी तिला सांगितलं असणार. पिशवीतून जिताड्याची शेपटी बाहेर आलेली, वॉचमन मागून ओरडतोय, ‘‘मावशी, मच्छी आत नाय!’’ आणि ती सरळ माझ्यासमोर. ‘‘काय जालं माज्या पोराला?’’

आभानं सांगितलं. काच, जगची चोच, नखाएवढी, सापडत नाही, परेशनं गिळली.

आई म्हणाली, ‘‘कनची काच? ही?’’ आणि तिनं पदराची गाठ सोडली. रिक्षाला ठेवलेली सुट्टी नाणी, एक सुपारी, आणि... नखाएवढा, पातळ, टोकदार तुकडा! ‘‘वटा पुसताना गावली. आभा बिनचपलीची फिरते घरानशी, म्हनून गाठीला मारली. खाली गेल्यावर टाकनार व्हते, तं इसरले.’’

मी म्हटलं, ‘‘आये! सांगायचं नाही?’’

‘‘तू इचारलास कवा?’’

अप्पांनी तो तुकडा दोन बोटांत धरला, उजेडाकडे नेला, असा फिरवला, तसा फिरवला. आणि म्हणाले, ‘‘मुद्देमाल हस्तगत.’’ आणि आभा जी हसायला लागली, रडत रडत हसायला लागली, ते प्लॅस्टरवाले काशिरामही हसायला लागले. मी हसलो नाही. मला धरून उठवायला लागलं. आणि घशातून खरवडत गेला होता तो बर्फ होता, हे मला पटायला पुढे चार दिवस लागले. डॉक्टरनं सांगितलं होतं तिथे मी लक्ष ठेवलंच... असो.

संध्याकाळी घरी आईनं जिताडं तळलं. अप्पांनी दोन दाढा नसताना चार तुकड्या खाल्ल्या. मग मी भीत भीत म्हटलं, ‘‘अप्पा, तुमचा गार चहा राहिलाच. पुन्हा करू का? चहाच तर करायचाय.’’ त्यांनी आभा आत आहे ना, ते बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘परेशराव, मला तो मुळीच आवडत नाही. पोरगी कौतुकानं करायची म्हणून प्यायचो.’’

म्हणजे बघा! मी मरता मरता वाचलो कशासाठी, तर जो चहा प्यायला कुणालाच नको होता त्यासाठी!

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला, मग हा माणूस अजून कण्हतो का? कण्हतो, कारण अप्पांनी साताऱ्याला जाऊन सगळ्यांना काय सांगितलं? काचेची गोष्ट सांगायला त्यांना संकोच वाटला. जावई काच प्यायला म्हटलं तर लोक काय म्हणतील! म्हणून त्यांनी एवढंच सांगितलं, की ‘जावई चांगला आहे, गार चहाचा भारी शौकीन, माझ्यादेखत अडीच ग्लास एका दमात प्यायला.’

झालं. आभा बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगी झाली, मी भेटायला गेलो. हद्दीत पहिल्यांदा! दारात ओवाळलं, खुर्चीवर बसवलं, आणि सासूबाई आतून काय घेऊन आल्या? काचेचा जग. भरलेला. बर्फ, पुदिना, सगळं. ‘‘घ्या जावईबापू, तुमच्यासाठी मुद्दाम केलाय.’’ तेव्हापासून साताऱ्यातल्या ज्या घरात जावं, चुलत-मामे-आते, ते घर माझ्यापुढे गार चहा ठेवतं. थंडीतसुद्धा! मी अप्पांकडे बघतो, अप्पा खिडकीबाहेर बघतात.

पितो. काय करणार? दात गच्च आवळून, फटीतून गाळून गाळून, एक-एक थेंब पितो... आणि सासूबाई सगळ्यांना कौतुकानं सांगतात, ‘‘बघा, कसे चवीचवीनं घेतायत. आणखी एक ग्लास द्या गं त्यांना!’’